पैसे कुठून आले, विचारणारे व्याही

मीरा-भाईंदरात एवढी माणसं राहतात, पण चांगल्या कामाला पैसा कुठून येतो या एका प्रश्नावर दिवस काढणारा माणूस त्यांत एकच आहे, आणि तो माझा व्याही आहे. माझ्या मुलीचा सासरा. नवीन काही दिसलं की बाकीचे लोक चांगलं आहे का, टिकेल का, केवढ्याला पडलं असं विचारतात. हे विचारतात, "याला पैसे कुठून आले?" आमच्याकडच्या देवळावर सौरदिवे लागले तेव्हा सगळे हात जोडून उभे होते आणि हे पुजाऱ्याला बाजूला घेऊन विचारत होते की दिवे देणगीतून घेतले, कर्जातून घेतले, की लावणाऱ्यानेच आपल्या खर्चाने लावले आणि वीजबिलात वाचेल त्यातून तो आपले पैसे वसूल करणार आहे. पुजाऱ्याला वाटलं हे आयकरातले. त्याने आम्हा सगळ्यांना दुप्पट प्रसाद दिला. माझा नवरा गेला तेव्हा त्याला गॅसच्या दाहिनीत दिलं. जावयाने मागाहून मला सांगितलं की सगळे माना खाली घालून उभे होते आणि त्याचे वडील तिथल्या माणसाला हळू आवाजात विचारत होते की लाकूड वाचवायच्या या कामाला पैसा कोणी दिला. जावई बिचारा माझी माफी मागत होता. मी म्हटलं, माफी राहू दे, त्या माणसाने काय सांगितलं ते सांग.

व्याही मूळचे परळचे. लग्नानंतर जागा परवडेना म्हणून भाईंदर पूर्वेला आले आणि इथल्याच एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात हिशेबाला लागले. तिथेच म्हातारे झाले. वय झाल्यावर रीतसर निवृत्त केलं, पण शेठने त्यांना सोडलं नाही. दर दिवाळीला मिठाईच्या डब्याबरोबर एक वर्षाच्या नेमणुकीचं पत्र मिळायचं आणि हे पुन्हा कामावर. काम काय, तर कारखान्यात ज्या सुधारणा करायच्या त्यांना पैसा उभा करायचा. परदेशातली मोठी गिऱ्हाईकं म्हणे हल्ली भांडी घेण्याआधी विचारतात की तुमची वीज कुठून येते, तुमचं घाण पाणी कुठे जातं. ऑफिसात या सगळ्याला सस्टेनेबिलिटी म्हणतात. माझ्या तोंडात तो शब्द बसत नाही, मी 'ते तुमचं काम' म्हणते. शेठ मनाने वाईट नव्हता, पण त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "काका, जो करना है करो, बस मेरे जेब को हाथ मत लगाना." म्हणजे विहीर खणायची, पण जमिनीला धक्का लागता कामा नये. माझ्या व्याह्यांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी पुढचं सगळं आयुष्य त्या खिशाला हात न लावता पैसा काढण्यात घालवलं.

आणि जे कारखान्यात, ते घरात. बाहेरचं बाहेर ठेवायची त्यांना सवयच नाही. कारखान्यात त्यांनी असं ठरवलं होतं की ज्या विभागाची वीज जास्त जळेल त्याने आपल्या खर्चातून दंड काढून एका वेगळ्या खात्यात भरायचा, आणि त्या पैशातून पुढची सुधारणा करायची. शेठचा खिसा शाबूत. हे जमलं तसं त्यांनी घरी स्वयंपाकघरातली लोणच्याची मोठी चिनी मातीची बरणी रिकामी करून हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवली. रिकाम्या खोलीत पंखा चालू दिसला की ज्याने चालू ठेवला त्याने बरणीत नाणं टाकायचं. नियम एकच आणि तो त्यांनी सगळ्यांना पाठ करायला लावला होता: पंख्याखाली माणूस बसलेला असेल तर दंड नाही. माझी विहीण शांत बाई, पण शांत बायका काय करतील ते सांगता येत नाही. तिने पलंगावर आपला पदर पसरल्यासारखी एक जुनी साडी टाकून ठेवायला सुरुवात केली. दंड मागायला गेलं की म्हणायची, "मी बसलेच होते, आत्ता उठले, जागा अजून गरम आहे." व्याही पलंगाला हात लावून बघायचे. गरम नसली तर दंड.

बरणीतल्या पैशातून त्यांनी पहिला कमी वीज खाणारा दिवा आणला. तोवर मला कौतुकच होतं. पुढच्या महिन्यात वीजबिल थोडं कमी आलं, तर जेवढं कमी आलं तेवढे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून काढून बरणीत टाकले. मी म्हटलं, हे काय, बिल कमी आलं तर पैसे खिशात राहायला हवेत. ते म्हणाले, "विहीणबाई, ते पैसे माझे नाहीत. दिव्याने वाचवले, ते दिव्याचे. त्यातून दुसरा दिवा येणार, तो वाचवेल ते तिसऱ्याचे." मी म्हटलं, म्हणजे भिशी. ते म्हणाले, भिशीच, फक्त सभासद बायकांऐवजी दिवे. मी यावर घरी जाऊन बराच विचार केला. एकदाच थोडे पैसे घातले आणि ते कुणी मध्येच उचलले नाहीत, तर ते आपले आपण फिरत राहतात. सोपी गोष्ट आहे. अवघड एवढंच की मध्येच उचलायचे नाहीत. मी माझ्या संसारात असं खूप वेळा ठरवलं आणि दर वेळी कुणाचं तरी बारसं निघालं.

माझ्या मुलीचं लग्न ठरवायला ही माणसं आली तेव्हा मी कमरेला पदर खोचून तयार होते. आम्ही मूळचे खाडीकाठच्या मोरव्याचे कोळी, हे परळचे नोकरदार. मला वाटलं आता मानपान निघेल, अंगठी निघेल, करवलीच्या साड्या निघतील. व्याह्यांनी फक्त एक मागणी केली. लग्नाला जी गाडी येईल तिच्यात जेवढ्या जागा रिकाम्या असतील तेवढ्यांचा दंड गाडीवाल्याने दाराशी भरायचा, आणि जमलेल्या पैशातून नव्या जोडप्याला पाणी तापवायचा सोलर घ्यायचा. मला वाटलं थट्टा आहे. लग्नाच्या दिवशी हॉलच्या दाराशी अत्तरदाणी आणि गुलाबपाण्याच्या बाजूला डबा घेऊन व्याही स्वतः उभे. माझा भाऊ घोडबंदरहून एकटा मोठी गाडी घेऊन आला. मामाच तो, मान मिळेल म्हणून छाती काढून उतरला आणि दाराशी नवऱ्या मुलाच्या बापाने त्याला गाडीच्या खिडकीतून रिकाम्या जागा मोजून दाखवल्या. भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाय, या मानसाचा डोका ठिकान्यावर हाय ना? अजून सांगतो, पोर देव नको." मी म्हटलं, पैसे भर आणि आत जा, वरण निवतंय. तो सोलर अजून चालतोय. माझा भाऊ त्यानंतर कुठल्याही लग्नाला गाडी भरूनच जातो, वाटेत ओळख नसलेली माणसंसुद्धा घेतो.

मग एकदा त्यांच्या कंपनीने खाडीकाठी झाडं लावायचा कार्यक्रम केला. मोठ्या कंपन्यांना म्हणे नफ्यातला ठरलेला वाटा लोकांच्या कामाला द्यावा लागतो, आणि त्या पैशातून स्वतःचा फायदा काढायचा नाही असा नियम आहे. मला खाडी माहीत म्हणून व्याही मला बरोबर घेऊन गेले. फलक होता, टोप्या होत्या, फोटो काढणारा होता, आणि माणसागणिक वडापाव आणि सरबत होतं. व्याह्यांनी पिशवीतून आपला डबा काढला. मलाही एक डबा दिला. पोळी आणि दुधीची भाजी. मी म्हटलं, समोर गरम वडा आहे आणि मी दुधी का खाऊ. ते म्हणाले, "तो वडा झाडांच्या पैशातला आहे. झाडं लोकांची, म्हणजे वडा लोकांचा. मी कंपनीचा माणूस, मला तो चालत नाही. तुम्ही माझ्याबरोबर आलात." मी म्हटलं, मी लोक आहे. ते थांबले, विचार केला, आणि खरोखर म्हणाले की हो, तुम्ही लोकांत येता. मी दोन वडे खाल्ले. मग ते शेठच्या पाहुण्यांपाशी जाऊन कंपनीच्या माणसांकडून वड्याचे पैसे गोळा करायला लागले. एक साहेब अर्धा खाल्लेला वडा परत करत होता.

अशा माणसाबरोबर नातं निभावणं सोपं नाही. ते माझ्या घरी आले की पहिल्यांदा नळाकडे बघतात. माझा मोरीतला नळ गळायचा. मी खाली बादली ठेवली होती आणि ते पाणी वापरत होते, पण ऐकतील तर शपथ. माझ्या घरात, माझ्या नळाचा, माझ्याकडून दंड घेतला आणि खिशात वेगळ्या पुडीत बांधून नेला, बरणीत टाकायला.  मी बोलायचं राखून ठेवते.

आता त्या कर्जाचं सांगते. कारखान्यात भांडी पॉलिश झाल्यावर धुवायला खूप पाणी लागतं. ते घाण पाणी नाल्यात, नाला खाडीत, आणि खाडीत माझ्या भावाचं जाळं. ते पाणी गाळून पुन्हा वापरायचं यंत्र बसवावं हे व्याह्यांच्या मनात कितीतरी वर्षं होतं. दिव्यांचे पैसे लवकर सुटतात, सोलरचे थोड्या उशिराने सुटतात, पण पाण्याच्या यंत्राचे सुटता सुटत नाहीत, म्हणून त्याला कुणीच पैसे देत नाही. हे त्यांनी मला पापड लाटताना समजावून सांगितलं होतं आणि तेव्हा त्यांचा चेहरा आजारी मुलाबद्दल बोलणाऱ्या बापासारखा झाला होता. शेवटी त्यांनी एक बँक शोधली. कारखान्याच्या छपरावर सोलर आणि आत नवीन मोटारी बसवायला बँकेने कर्ज दिलं, आणि अट घातली: वर्षभरात कारखान्याचं पाणी ठरल्याइतकं कमी झालं तर व्याज कमी करू, नाही झालं तर वाढवू. मला हे लगेच कळलं. माझी सासू हेच करायची, फक्त व्याजाऐवजी भात होता: काम झालं तर ताटात जास्त, नाही झालं तर कमी. व्याह्यांनी शेठकडून शब्द घेतला की व्याज कमी झालं तर जे वाचेल ते खिशात टाकायचं नाही, कारखान्यातले दंड आणि दिव्यांनी वाचवलेले पैसे ज्यात जात होते त्याच खात्यात ठेवायचं आणि त्यातून पाण्याचं यंत्र घ्यायचं. शेठ म्हणाला, ठीक आहे काका. जो पैसा अजून आलाच नाही तो द्यायला कुणाला जड जात नाही.

वर्षभर व्याह्यांनी कारखान्यात पाण्यासाठी जीव काढला. नळांना तोट्या बसवल्या, एकदा वापरलेलं पाणी दुसऱ्या धुण्याला घेतलं, कामगारांना रोज सकाळी उभं करून सांगितलं. तिथला फोरमन त्यांना फार मानायचा. काकांचं यंत्र झालंच पाहिजे असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा. आणि वर्ष संपलं तेव्हा मीटरचा आकडा ठरल्यापेक्षाही खाली आला. बँकेने व्याज उतरवलं. व्याही पेढ्यांचा डबा घेऊन माझ्याकडे आले. इतकं हसताना मी त्यांना मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. बसले, पाणी प्याले, आणि सवयीने उठून मोरीतला नळ बघून आले. गळत होता. हसत हसतच म्हणाले, "विहीणबाई, दंड."

माझं घर त्या कारखान्याच्या मागच्या गेटासमोर आहे. मी म्हटलं, "माझ्या थेंबाचा दंड घेता. तुमच्या मागच्या गेटात रोज टँकर रिकामा होतोय, त्याचा दंड कोण भरतं?"

मला काही उघडकीला आणायचं नव्हतं, नळाचा राग काढायचा होता. टँकर आमच्या भाईंदरात कुठे येत नाही? लग्नाच्या हॉलला येतो, इमारतींना येतो, त्याच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही. पण व्याह्यांच्या हातात अर्धा पेढा होता तो त्यांनी पुन्हा डब्यात ठेवला. कधीपासून, एवढंच विचारलं. मी म्हटलं, आधी अधूनमधून यायचा, हल्ली रोज येतो. ते खुर्ची ओढून खिडकीशी बसले. मी भाजी निवडत होते. तासाभराने टँकर आला, गेट उघडलं, पाइप जोडला. ते पूर्ण रिकामा होईपर्यंत बघत राहिले आणि मग चहा न घेता गेले. दंडाचं विसरले, तेव्हा मला कळलं की काहीतरी मोठं झालंय.

झालं होतं ते असं. मीटर होता तो पालिकेच्या नळाला. फोरमनने नळाचं पाणी जपून जपून वापरलं आणि कमी पडलं की टँकर मागवला. त्याच्या मनात पाप नव्हतं. काकांनी नळाचं पाणी कमी करायला सांगितलंय, ते त्याने केलं. बरं, टँकरचे पैसे कारखान्यातून जात होते, मग हिशेबात दिसायला नकोत? तर ते पाण्यात दिसत नव्हते, कारण टँकर ही गाडी आहे, म्हणून त्याचं बिल भांडी वाहून नेणाऱ्या टेम्पोंबरोबर वाहतुकीत जात होतं. आणि तसं लावून ठेवलं होतं खुद्द माझ्या व्याह्यांनी, तरुणपणी, टँकर वर्षातून एखाद्या वेळी यायचा तेव्हा. ते एकदा लावलं ते लावलं. सगळ्या जगाला पैसे कुठून आले विचारणाऱ्या माणसाने हा पैसा कुठे जातोय हे एवढ्या वर्षांत विचारलं नव्हतं.

शेठकडे गेले. शेठ सगळं ऐकून म्हणाला, "काका, किसीने झूठ बोला क्या? मीटर को पूछो." आणि त्याचंही बरोबर होतं. कुणी खोटं बोललं नव्हतं. बँकेला कधी कळणार नव्हतं. गप्प बसलं तर कमी व्याजातून उरलेले पैसे साठत जाणार, दोनेक वर्षांत यंत्र येणार. बोललं तर व्याज उलटं वाढणार, साठा राहणार नाही, यंत्र गेलं, आणि दिवाळीचं पत्रही गेलं. हे शेठ बोलला नाही, पण ते त्याला बोलायची गरज नव्हती.

माझी विहीण कधी एकटी कुणाच्या घरी जात नाही. ती रिक्षा करून माझ्याकडे आली. म्हणाली, "विहीणबाई, तुम्हीच बोललात, आता तुम्हीच यांना गप्प करा. ते जेवत नाहीत, नुसते बरणीकडे बघत बसतात." मी गेले. लोकांना वाटेल मी सत्याची बाजू घेतली असेल. मी घेतली नाही. मी व्याह्यांना म्हटलं, गप्प बसा. माझा भाऊ त्या खाडीत जाळं टाकतो. जाळ्याला तुमच्या खरेपणाशी काय करायचंय, त्याला पाणी स्वच्छ हवं. तुम्ही बोललात तर तुमचं मन साफ होईल आणि खाडी घाण राहील, हा सौदा कुणाच्या फायद्याचा?

 विहीण दारात उभी राहून ऐकत होती. व्याही म्हणाले, "तुमचं म्हणणं मी रात्रंदिवस स्वतःला सांगून पाहिलंय. पण पाणी न वाचवता पैसे मिळाले, हे एकदा कारखान्याला कळलं की पुढच्या वर्षी आणखी टँकर येतील. आणि त्या पैशातून यंत्र आलंच, तर ते चालवणार कोण? ते नुसतं उभं राहील, पाहुण्यांना दाखवायला."

  कधी वाटतं त्यांचं बरोबर होतं, कधी वाटतं ते गप्प बसते तर खाडीला एवढं थांबावं लागलं नसतं. मी तांदूळ निवडायला बसते तेव्हा कधीकधी यावर विचार करते. पण ते टँकरचं मी बोलले याचं मला वाईट वाटत नाही. त्यांनी माझ्या नळाचा दंड मागायला नको होता.

दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले. तिथली अधिकारी एक तरुण मुलगी होती. तिने म्हणे त्यांना दोनदा विचारलं की तुम्ही तक्रार कुणाविरुद्ध करताय. हे म्हणाले, तक्रार नाही, मागच्या वर्षीचा आकडा चुकीचा आहे, तो आमचाच आहे. तिने चहा मागवला. व्याज वाढलं, आधी कमी दिलं होतं तेही भरून द्यावं लागलं. शेठ ओरडला नाही. कारखाना सोडायच्या आधी व्याह्यांनी टँकरचा खर्च वाहतुकीतून काढून पाण्यात लावून दिला, एवढं एक काम केलं. दिवाळीला मिठाईचा डबा नेहमीपेक्षा मोठा आला. पत्र नव्हतं. शेठ स्वतः गाडीपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "काका, अब आराम करो."

आराम त्यांना करता येत नाही. मी त्यानंतर गेले तर बरणी टीव्हीशेजारी नव्हती. विहिणीने ती धुऊन, उन्हात वाळवून, त्यात कैरीचं लोणचं घातलं होतं.  आतल्या खोलीत पंखा चालू होता आणि आत कुणी नव्हतं. विहिणीने पाहिलं, मी पाहिलं, व्याही वर्तमानपत्र वाचत होते. पुन्हा गेले तेव्हाही तेच. पुढच्या वेळी दोन पंखे. घरात कुणी ते बंद करत नव्हतं, जणू बंद करायचा हक्क एकाच माणसाचा होता. पलंगावरची साडीही विहिणीने घडी करून कपाटात ठेवली होती. मुलगी मला म्हणाली, "आई, बाबा हल्ली काहीच विचारत नाहीत गं. समोरच्या इमारतीवर नवीन सोलर लागलं, त्यांनी वर मान करून पाहिलंसुद्धा नाही." मी निघताना ते मला फक्त एक विचारायचे, तेही चपला शोधून देता देता, जसं काही सहज. "टँकर?" मी म्हणायचे, येतो. मला खोटं बोलता येत नाही, आणि त्यांना खोटं सांगण्यात काय अर्थ होता? ते मान हलवायचे. असं वर्ष गेलं, वर थोडे महिने गेले.

मग मला खिडकीतून दिसलं की टँकर एक दिवसाआड यायला लागला. नंतर आणखी कमी. मी मुद्दाम दुपारची झोप सोडून खिडकीशी बसले, दुसऱ्या गेटाने तर जात नाही ना ते बघायला. नव्हता जात. मी त्यांच्याकडे निघाले. मला वाटलं होतं बातमी मीच देणार, तर माझ्या आधी फोरमन येऊन बसला होता. हातात नारळाचा प्रसाद. यंत्र बसलं होतं. लहान, निम्मंच पाणी परत देणारं, पण चालणारं. पूजा झाली, शेठच्या हस्ते झाली, काकांना बोलावणं गेलं नव्हतं. फोरमनला ते सांगताना मान वर करता येत नव्हती.

व्याह्यांनी प्रसाद घेतला. पूजेचं काही विचारलं नाही. कितीतरी महिन्यांनी मी त्यांच्या तोंडून ते ऐकलं.

"पैसे कुठून आले?"

फोरमन म्हणाला, "काका, थोडे शेठने घातले. दर महिन्याला पाण्याच्या खात्यात टँकरचा एवढा मोठा खर्च दिसायला लागला की त्यांना झोप लागेना. एवढ्या पैशात तर यंत्र येईल, असं तेच बोलले. आणि बाकीचे तुमच्या दिव्यांच्या खात्यातले."

"ते खातं अजून चालू आहे?"

"चालू आहे ना. वाचलेले पैसे दर महिन्याला त्यात जातायत. बंद करायला कुणी सांगितलंच नाही."

 व्याह्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. मग फोरमनला विचारायला लागले की यंत्राची जाळी कितीदा धुता, धुतलेलं पाणी कुठे सोडता, आणि शेठने घातलेले पैसे त्याने परत काढून घ्यायच्या आत दुसऱ्या यंत्राची सोय कशी लावता येईल. फोरमन पेन शोधत होता. विहीण आत चहा ठेवायला गेली आणि तिने भांडं जरा जोरातच आपटलं. ती खूश असली की तिच्या हातून आवाज होतो.

फोरमनला जिन्यापर्यंत सोडून ते परत आले. येताना आतल्या खोलीच्या दाराशी थबकले. सकाळपासून चालू असलेला पंखा त्यांनी बंद केला. मग स्वयंपाकघराबाहेरचा बंद केला. हॉलमध्ये आले आणि माझ्या डोक्यावरच्या पंख्याच्या बटणापाशी हात नेला, आणि तिथेच थांबले.

"हा असू दे," म्हणाले. "माणूस बसलेला असेल तर दंड नाही."

मला खरं तर निघायचं होतं. घरी कुकर लावायचा होता. मी आणखी थोडा वेळ बसले.